अजून ठरलेलं नाही

४ फेब्रुवारी

धाकटे,

पाकीट पाहून दचकू नकोस, आम्ही दोघी बऱ्या आहोत. मोबाइलवर काही विचारलं की तू अंगठ्याचं चित्र पाठवतेस. मला अंगठा नकोय, सविस्तर उत्तर हवंय, म्हणून कागदावर लिहितेय. तूही कागदावरच लिही. फोन करू नकोस. लॅबमध्ये दिवसभर पॉलिशचं यंत्र किरकिरत असतं, घरी आल्यावर कानाला काही लावावंसं वाटत नाही.

काम भिंगरीचं आहे. तिला चौदावं लागलं. परक्यांच्या मुलांना काय शिका, कुठे शिका हे सांगायचा तू पगार घेतेस, आता घरच्या मुलीला फुकट सांग. गणितात ती बरी आहे, भाषेत चांगली आहे, खेळात दगड आहे. मोकळा वेळ मिळाला की नसलेल्या शहरांचे नकाशे काढते. आधी गटारं आखते आणि मग घरं बसवते. मी म्हटलं, अगं आधी माणसं तरी येऊ देत. तर म्हणते, माणसं आल्यावर खणायला जागा उरत नाही.

मला एवढंच कळव, की अशा मुलीने पुढे कोणत्या पदव्यांचा विचार करावा. आता शाळेत कोणते विषय घ्यावे, कोणते सोडले तर पुढे दार बंद होतं. अठराव्या वर्षी अर्ज कसा करतात, मुलाखतीत काय विचारतात, वसतिगृहात एकटी मुलगी कितव्या वर्षापासून राहू शकते. सगळं लिही. काही गाळू नकोस. अजून वेळ आहे, मग बघू, असलं काही लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

तुझी ताई


१५ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र शिपायाने अख्ख्या ऑफिससमोर आणून दिलं. म्हणाला, "मॅडम, तुम्हाला खरं पत्र आलंय." दिवसभर सगळे विचारत होते, कोणाचं म्हणून. मी म्हटलं, माझ्या बहिणीचं, ती दातांच्या कवळ्या बनवते आणि माणसांना तोंड उघडायला लावते, स्वतः मात्र फोन उचलत नाही.

विचारलंस ते लिहिते. भिंगरीने गणित सोडू नये, कितीही कंटाळा आला तरी. गणित असलं की निम्मे दरवाजे उघडे राहतात. जीवशास्त्र आणि भूगोल यांपैकी एक ठेवावं, आवडेल ते. नकाशे काढते म्हणजे नगररचना आहे, भूगोल आहे, पाण्याचं अभियांत्रिकी आहे. भाषा चांगली असेल तर कायदा आहे, पत्रकारिता आहे. पण पदवीच्या नावावर जाऊ नका. नावं हल्ली फार गोंडस असतात. पहिल्या वर्षात काय शिकवतात ते पाहायचं, आणि तिथे शिकत असलेल्या दोन मुलांशी बोलायचं. मी येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगते. वसतिगृह अठराव्या वर्षानंतर. त्याआधी कोणी नातेवाईक गावात हवा.

आता माझं थोडं ऐक. आमच्याकडे मुलांचा हात धरून असे आईबाप येतात, की प्रश्न मी मुलाला विचारते आणि उत्तर आई देते. ती मुलं खुर्चीच्या कडेवर बसतात. तू तसली नाहीस, म्हणून हे पत्र वाचून नवल वाटलं. चौदा वर्षांच्या मुलीच्या मुलाखतीची काळजी आत्ता कशाला?

एप्रिलमध्ये आमच्या विद्यापीठात खुला दिवस असतो, सगळे विभाग शाळकरी मुलांना दाखवतात. दोघी या. तुला भेटून वर्ष होत आलं.

धाकटी


२ मार्च

धाकटे,

उत्तर उपयोगी पडलं. थंड होतं, पण उपयोगी पडलं. भिंगरीला वाचायला दिलं. तिने तीनदा वाचलं आणि भूगोल ठेवला.

खुल्या दिवसाला तिला पाठवते. एकटी येईल, बसमध्ये बसवून देईन, तू स्टँडवर घ्यायला जा. मला जमणार नाही, लॅबमध्ये कामाचा ढीग साचलाय. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या खालच्या कवळीचे दात तीनदा मेणात बसवून झाले, तरी त्यांना चावता येत नाही. चूक माझ्या हाताची आहे की त्यांच्या हिरड्यांची, कळत नाही.

तिला सगळे विभाग दाखव. फक्त नगररचना नको. तू कुठे राहतेस, भाजी कुठून आणतेस, तुझ्या घरापासून शाळा किती लांब, हेही बघू दे. पुढेमागे तुझ्या गावात शिकायला आली, तर गाव ओळखीचं असावं. नातेवाईक हवा असं तूच लिहिलंस. तो नातेवाईक तू होशील ना? सहज विचारतेय, पण उत्तर लिहून पाठव.

ताई


२१ एप्रिल

ताई,

भिंगरी काल बसमध्ये बसली. पोचल्याचा तुझा दोन शब्दांचा मेसेज आला. तिला घ्यायला स्टँडवर आलेली असशील, एक मिनिट फोन केला असतास तर काय बिघडलं असतं?

पोरीबद्दल आधी सांगते. उंच झालीय, तुझ्यासारखी मान पुढे काढून चालते. पण ती बोलत का नाही? लहानपणी तोंडाचा पट्टा बंद व्हायचा नाही तिचा, म्हणून तर तिला भिंगरी म्हणायला लागलो. आता दोन दिवस माझ्या घरात होती आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी वाक्यं बोलली. मी पलीकडच्या खोलीत होते, दार उघडं होतं, तरी तिने ओट्यावर चिठ्ठी ठेवली, 'पिण्याचं पाणी संपलंय.' मला हसू आलं. नंतर नाही आलं.

विद्यापीठात सगळीकडे फिरवलं. नगररचनेच्या लोकांनी लाकडी ठोकळ्यांचं शहर मांडलं होतं, ते तिने पाहिलं न पाहिलं केलं. मग वाचा आणि श्रवण विभागात गेलो. तोतरी मुलं, पक्षाघात झालेली माणसं, यांना पुन्हा बोलतं करायचं शिक्षण तिथे देतात. तिथल्या प्राध्यापकांना तिने हात वर करून विचारलं, "ज्यांचं स्वरयंत्र काढून टाकलंय, त्यांना परत पहिल्यासारखं बोलता येतं का?" भल्या माणसाने तऱ्हातऱ्हांची यंत्रं सांगितली, व्यायाम सांगितले. ती उभीच. म्हणाली, "पहिल्यासारखं?" ते म्हणाले, पहिल्यासारखं नाही. तेव्हा ती बसली. नंतर मला म्हणाले, तुमची भाची फार वाचते वाटतं, एवढ्या वयात असा प्रश्न कोणी विचारत नाही. मी फुशारले.

पण घरी येऊन विचार केला तेव्हा बरं वाटलं नाही. जेवताना तिने विचारलं, पालक म्हणून सही मावशीची चालते का. बाजारातून येताना विचारलं, तुझ्याकडे कपड्यांना दुसरं कपाट आहे का. हे तिचे प्रश्न नाहीत, ताई. हे तू तिच्या डोक्यात भरलेले प्रश्न आहेत. तू चौदा वर्षांच्या पोरीला आत्तापासून घराबाहेर ढकलते आहेस, आणि ती बिचारी गप्प होत चाललीय. स्पष्ट लिहिते, राग आला तर येऊ दे. तुला काही सिद्ध करायचंय का? भावजी सोडून गेले तेव्हा तू म्हणाली होतीस, हिला मी त्यांच्या नाकावर टिच्चून शिकवीन. शिकव ना. पण तिला जरा लहान राहू दे.

आणि माझ्याशी बोलत का नाहीस ते एकदाचं सांगून टाक. माझं काही चुकलं असेल तर तोंडावर सांग.

धाकटी


३० एप्रिल

धाकटे,

तोंडावर सांगता येत नाही, तेवढंच कारण आहे.

मागच्या थंडीत तुला कळवलं होतं की लॅबच्या कामासाठी बाहेरगावी जातेय, दोन आठवडे फोन लागणार नाही. तेव्हा मी इस्पितळात होते. घसा बसलाय म्हणून महिनोन्महिने गोळ्या चघळत होते, तो नुसता बसलेला नव्हता. स्वरयंत्र काढलं. आता गळ्याला एक भोक आहे, त्यातून श्वास घेते, वर रुमाल बांधते. आवाज नाही. कुजबूज नाही, हुंकार नाही, काहीच नाही. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. पहिल्या दिवशी त्यातून भिंगरीला हाक मारली, तर ती उठून दुसऱ्या खोलीत गेली. बऱ्याच वेळाने आली आणि म्हणाली, "सवय होईल मला." मी ते यंत्र कपाटात टाकलं. आम्ही पाटीवर लिहितो.

तुला सांगायचं नाही, अशी तिला मीच शपथ घातली. तू नोकरी टाकून धावत आली असतीस, आणि सगळ्या घरात एक तरी जागा मला अशी हवी होती जिथे मी आजारी नाही. तू मला चिडून लिहीत होतीस ना, ते मी पुन्हा पुन्हा वाचत होते. इथे माझ्यावर कोणी चिडत नाही आता.

ते दुखणं आता छातीत उतरलंय. फेब्रुवारीत कळलं. डॉक्टर वर्षांचं बोलत नाहीत. म्हणून ती घाई. अठराव्या वर्षी ती जे विचारेल ते मला आत्ताच विचारून ठेवायचं होतं. तिच्या वडिलांना कळवलं. त्यांच्या घरात दोन लहान मुलं आहेत आणि जागा कमी आहे, असं त्यांचं उत्तर आलं. बरं झालं. ती तुझ्याकडे राहील. राहील ना?

पण आता नवीनच उपटलंय. तुझ्याकडून आली ती ठरवूनच. मी पाटीवर विचारलं, काय आवडलं? म्हणाली, "वाचा-उपचार. मी तेच शिकणार." मी तिला जवळ घेतलं. माझं तोंड तिला दिसत नव्हतं ते बरं झालं. तेव्हापासून मला झोप नाही. धाकटे, ही पोर जन्मभर माझ्यासारख्या माणसांसमोर बसणार. रोज कुणाच्या तरी आईला बोलायला शिकवणार, आणि त्यातली एकही तिची आई नसणार. माझ्या दुखण्याची तिने पदवी घेऊ नये. तिला गटारं खणू दे, खटले लढू दे, काहीही करू दे, हे नको. तू रोज मुलांची मनं वळवतेस. हिचं वळव. माझ्यासाठी एवढं कर.

ताई


३ मे

ताई,

शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय. रजा मिळाली, नसती मिळाली तरी आले असते.

राहील. हे काय विचारणं झालं? दुसरं कपाट कालच रिकामं केलं.

रडणार नाही. रडले तर तुझ्यावर चिडूनच रडेन, तुला आवडेल तसं.

धाकटी


१९ जून

धाकटे,

अक्षर वेडंवाकडं येतंय, चालवून घे. तू गेल्यावर घर फार मोठं झालं. आता लॅबला जाणं बंद केलंय. लॅब चालवणाऱ्या बाई स्वतः जेवण घेऊन येतात आणि माझ्या टेबलावर कोणाला बसवलं नाही असं सांगतात. मी पाटीवर लिहिते, बसवा, कामं अडतील.

तू भिंगरीशी बोललीस, मला माहीत आहे. स्वयंपाकघरातून ऐकू येत होतं. छान बोललीस, कुठेही जोर केला नाहीस. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "मावशी, माझं ठरलंय." काल मी पुन्हा पाटीवर लिहिलं, दुसरं काही बघ ना, नकाशे बघ. तिने ते पुसलं आणि खाली लिहिलं, 'ठरलंय. काळजी करू नकोस.'

ती माझ्याशीही लिहूनच बोलते हल्ली. मला ऐकू येतं हे ती विसरते. परवा मी लिहिलं, तुझा आवाज ऐकव मला, काहीही बोल.  मग भूगोलाचं पुस्तक घेऊन आली आणि नद्यांच्या धड्याचं एक पान मोठ्याने वाचून दाखवलं. मी डोळे मिटून ऐकलं.

मरणाचं काही वाटत नाही असं लिहिणार होते. खोटं आहे. वाटतं, खूप वाटतं. पण त्याहून हे पोखरतं, की मी जाताना तिच्या गळ्यात माझं दुखणं अडकवून जातेय. तू सोडू नकोस प्रयत्न. मी नसले तरी.

ताई


२ सप्टेंबर

मावशी,

तू परत गेल्यापासून मी लॅबच्या बाईंकडेच आहे. त्या चांगल्या आहेत. सहामाही परीक्षा झाली की तुझ्याकडे पाठवणार म्हणतात. माझ्या ताटात त्या दोनदा वाढतात आणि मी संपवेपर्यंत समोर बसतात. घर रिकामं केलं. आईचे कपडे त्यांनी मला विचारून दिले. पाटी मी कुणाला दिली नाही, पण ती पुसली. तिच्यावर आईने शेवटचं लिहिलेलं 'खिडकी लाव' एवढंच होतं. ते ठेवून काय करायचं?

तू फोनवर विचारलंस की पुढच्या वर्षी विषय कोणते घ्यायचे ते ठरवायला हवं, आणि वाचा-उपचाराबद्दल अजून तसंच वाटतं का. मी काही बोलले नाही. फोनवर मला बोलता येत नाही. समोरचं माणूस थांबतं आणि मला शब्द सापडत नाहीत. म्हणून लिहिते.

मला वाचा-उपचार शिकायचा नाही. कधीच शिकायचा नव्हता. ते प्राध्यापक म्हणाले, पहिल्यासारखं नाही, तेव्हाच माझं मन उडालं. ज्यात पहिल्यासारखं होतच नाही ते मला नको. पण मी घरी आले तर आई पाटी घेऊन दारातच उभी होती. तिने लिहून ठेवलं होतं, काय आवडलं? खूप दिवसांपासून ती रोज तेच विचारायची. नकाशे म्हटलं तर विचारायची, म्हणजे कोणती पदवी? मला माहीत नव्हतं. मला माहीत नाही असं म्हटलं की तिचा चेहरा पडायचा. मला समजत होतं ती का विचारते. तिला जायच्या आधी उत्तर हवं होतं. म्हणून मी एक दिलं. आणि पटेल असं दिलं. मला वाटलं, हे ऐकून तिला वाटेल की तिच्या आजाराचं निदान काहीतरी झालं, फुकट गेला नाही. तिने मला जवळ घेतलं तेव्हा मला वाटलं, बरोबर सांगितलं.

नंतर ती दुसरं बघ, दुसरं बघ म्हणायला लागली. मला वाटलं ती मला पारखून बघतेय, की मी खरंच म्हणतेय ना. म्हणून मी अजिबात बदलले नाही. तू समजावलंस तेव्हाही नाही.

आता काय शिकायचंय ते मला माहीत नाही. नकाशेपण काढावेसे वाटत नाहीत. बाई म्हणतात, शाळा झाली की आईच्या टेबलावर बस, मी शिकवते. मला मेणात दात बसवता येतात, आईने दाखवलं होतं. तसंच करावं असं वाटतं. निदान कुणी विचारणार नाही.

एक विचारायचं होतं. आई तुला पत्रं लिहायची. माझं उत्तर ऐकून तिला बरं वाटलं होतं का? तिने तसं काही लिहिलं होतं का? खरं सांग.

भिंगरी


९ सप्टेंबर

भिंगरे,

हो, तिने लिहिलं होतं. तुझं ठरलं हे ऐकून तिला बरं वाटलं. शांत झोप लागायला लागली, असं लिहिलं होतं. तू नीट केलंस.

एवढं वाचून झालं की पुढचं वाच.

तुला माहीत नाही, यात काही वावगं नाही. माझ्यासमोर रोज तुझ्याहून चार वर्षांनी मोठी मुलं बसतात आणि त्यांनाही माहीत नसतं. फक्त त्यांना तसं म्हणायची चोरी असते, कारण शेजारी आई किंवा वडील असतात. तू माझ्यासमोर तसं म्हणू शकतेस. रोज म्हणालीस तरी माझा चेहरा पडणार नाही. पडला, तर मला सांग.

विषयांचं मी फोनवर विचारलं, ते चुकलं माझं. सवयीने विचारलं. आमच्या कामात माणूस दिसलं की आम्ही विषय विचारतो. इथल्या शाळेत मी बोलून आलेय. आहेत तेच विषय या वर्षी पुढे चालू ठेव, काही सोडायचं नाही, काही नवीन घ्यायचं नाही. वर्षभर मी विचारणार नाही. तुला विचारावंसं वाटलं तर मी आहे. मला त्यातलं खरंच बरंच कळतं, एवढं ऐकून ठेव.

बाईंच्या टेबलाबद्दल. ते काम हलकं नाही, आणि तुझा हात तयार असेल तर पुढे तेही शिकता येतं, त्याचीही पदविका असते. पण कुणी विचारणार नाही म्हणून तिथे बसू नकोस. तुझी आई त्या टेबलावर बसून अख्ख्या लॅबशी भांडायची, हसायची. बाईंनाच विचार. गप्प बसायला ती जागा चांगली नाही.

माझ्याकडे घर लहान आहे. सकाळी मला घाई असते, मी खेकसते. संध्याकाळी दमून येते आणि कधीकधी तिची आठवण येऊन स्वयंपाकघरात नुसतीच उभी राहते. तेव्हा मला चिठ्ठी लिहू नकोस. भूक लागली असेल तर भूक लागली म्हण. रडायचं असेल तर माझ्याबरोबर रड. तुझ्या घरात जे लिहून चालायचं ते इथे चालणार नाही, मला ते सहन होणार नाही. आठवडाभर शब्द सापडले नाहीत तर मी थांबेन. पण तू बोलेपर्यंत थांबेन.

परीक्षा नीट दे. बसचं तिकीट मी काढलंय, बाई तुला बसवून देतील. त्या दिवशी मला ऑफिसातून निघायला उशीर झाला, तर स्टँडवरून सरळ घरी ये, रस्ता तू पाहिलेला आहेस. घरी मी तुझ्याआधी पोचेनच. इमारतीची बेल पावसापासून बंद पडलीय आणि खालचं दार आतून लागतं. दारावर टकटक केलेली वर ऐकू येत नाही, फोन मी उचलणार नाही. खाली रस्त्यावर उभी राहा आणि मला हाक मार. तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचेल एवढ्या मोठ्याने.

मावशी